साडेचारचा फोन

१

हे मी बोदवडला, स्टेशनमागच्या एका भाड्याच्या खोलीत बसून लिहितेय. इथं मला कोणी ओळखत नाही आणि सध्या तेच बरं आहे.

माझं नाव दिपमाला नारखेडे. जळगावच्या एका कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत मी एकतीस वर्षं सहायक होते. बीकर, ब्युरेट, फ्लास्क धुवायचे, वाळवायचे, तडा गेलेले बाजूला काढायचे. काच चांगली की हलकी ते मला हातात घेतल्याबरोबर कळायचं. लग्न केलं नाही. पिंप्राळ्यातल्या घरात आई आणि मी अशा दोघीच होतो. आई, सुगंधाबाई, दीड वर्षापूर्वी गेली. जूनमध्ये मी निवृत्त झाले, आणि जुलैतल्या एका संध्याकाळी लक्षात आलं की आज सकाळपासून आपण तोंडातून एक शब्द काढलेला नाही. काढायला कोणी नव्हतंच.

प्रयोगशाळेत एक जुनं कॅलेंडर होतं. त्यावर भट्टीसमोर नळीतून काच फुंकणाऱ्या माणसाचा फोटो, खाली लिहिलेलं : मुरानो, व्हेनिस. वर्षं उलटली तरी ते मी भिंतीवरून काढू दिलं नव्हतं. निवृत्तीनंतर सगळे काशी, रामेश्वर सुचवत होते. मी व्हेनिसचं तिकीट काढलं. टूरवाल्यांकडे नऊ दिवसांत सात शहरं होती. मला एकच शहर हवं होतं आणि घाई नको होती. दिवाळी झाल्यावर चौदा दिवसांसाठी मी एकटी निघाले.

शेजारच्या बेबाबाईंकडे गच्चीच्या बाहेरच्या जिन्याची किल्ली दिली. त्या सत्तरीच्या, अमळनेरकडच्या, अजून अहिराणीच बोलतात. गच्चीवरच्या माझ्या बावीस कुंड्यांना रोज साडेचारला पाणी घालायचं त्यांनी कबूल केलं.

"जाय माय, नीट जाय," त्या म्हणाल्या. "पन तठे एकली काय करशी तू?"

"इथं काय करते?" मी म्हणाले. त्या हसल्या नाहीत.

२

व्हेनिसमधली माझी खोली तिसऱ्या मजल्यावर होती. बावन्न दगडी पायऱ्या. घरमालकीण रोझान्ना नावाची माझ्याच वयाची बाई. पहिल्या दिवशी तिनं किल्ली दिली, खिडकी कशी उघडायची ते दाखवलं आणि गेली. खिडकीखाली अरुंद कालवा. पलीकडे विटांची आंधळी भिंत, तिला एकही खिडकी नाही. एखादी होडी गेली की ती दिसेनाशी झाल्यावरही बराच वेळ पाणी भिंतीला थापट्या मारत राही. पलंगावर पडून ते ऐकताना वाटायचं, खाली कोणीतरी भाकरी थापतंय.

माझा दिवस ठरून गेला. सहाला उठायचं, घरून नेलेल्या चहापत्तीचा चहा, पावाला शेंगदाण्याची चटणी. मग चालायला बाहेर. त्या शहरात रस्ता चुकतोच. गल्ली सरळ जाते आणि एकदम पाण्यात संपते. मागे वळायचं, दुसरा पूल धरायचा. घाई नसली की त्याचा त्रास होत नाही. दहाला एका कोपऱ्यावरच्या दुकानात उभ्यानं कॉफी. तिथल्या पिकल्या मिशांच्या माणसानं दुसऱ्याच दिवशी मला पाहून "इंडिया!" म्हटलं आणि न विचारता कप पुढं केला. त्याच्याखेरीज दिवसभरात माझ्याशी बोलणारं कोणी नव्हतं.

आणि बरोबर बाराला, एका चर्चच्या पायरीवर बसून, बेबाबाईंना फोन. तिथं बारा म्हणजे आपल्याकडे साडेचार. पोचल्याच दिवशी मी तिथलं सिमकार्ड घेतलं होतं आणि आपलं काढून पाकिटात ठेवलं होतं. नवीन नंबर त्यांना समजावून सांगायला दहा मिनिटं लागली.

पहिले दोन दिवस बोलणं साधंच झालं. जेवलीस का, थंडी किती, तिकडे भाजी काय मिळते. तिसऱ्या दिवशी त्या गच्चीवरूनच बोलत होत्या. मागे कुठंतरी रिक्षाचा भोंगा ऐकू आला आणि मला एकदम घरची आठवण आली.

"कुंड्या तं ओल्याच शेत वं," त्या म्हणाल्या. "मी आजून पानी टाकंच नई."

"कालचं पाणी असेल."

"काल सांजनं पानी आतेलोंग ऱ्हास का? खाले निथळी ऱ्हायनं. तुना भाऊ उना व्हता का?"

घराची दुसरी किल्ली माझ्या धाकट्या भावाकडे, भूषणकडे आहे. तो धुळ्याला असतो. पण भूषण माझ्या कुंड्यांना पाणी घालायला नव्वद किलोमीटर येणार नाही. आई गेल्यापासून आम्ही बोलत नव्हतो.

"टाकी भरून वाहिली असेल," मी म्हणाले.

"व्हई," असं त्या म्हणाल्या खऱ्या.

३

पाचव्या दिवशी मी बोटीनं मुरानोच्या बेटावर गेले. भट्टीपुढं एक उंच म्हातारा उभा होता. त्यानं नळीच्या टोकावर लाल लगदा उचलला, फुंकला, चिमट्यानं दोनदा ओढला आणि पाहता पाहता त्याचा घोडा झाला. चार पाय, आयाळ, वर केलेली मान. भोवतालच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. "बघितलंस का?" असं मी मोठ्यानं म्हणाले. मराठीत. शेजारी एक गोरा माणूस होता, तो जरा सरकून उभा राहिला. मी कोणाला म्हटलं ते मलाही सांगता आलं नसतं.

तिथल्याच धक्क्यावरून फोन लावला.

"दुपारले तुना घरमा कुकरनी शिट्टी वाजनी," बेबाबाई सांगत होत्या. "तीनदाव. मी दरवाजा ठोका. कोनी उघाडा नई."

"तुमच्या मागच्या घरातली असेल. आवाज भिंतीतून येतो."

"मागला घरना बठ्ठा लोक लगीनले गयात. तठे कुलूप शे."

प्रयोगशाळेत एखादं वाचन, म्हणजे रीडिंग, चुकलं की आधी वाचणाऱ्यावर संशय घ्यायचा, मग उपकरणावर, द्रव्यावर अगदी शेवटी. बेबाबाईंच्या एका डोळ्यात मोतीबिंदू आहे, पण कान ठणठणीत. मी त्यांना विचारलं, कुलूप आहे ना दाराला? आहे म्हणाल्या. तोडलेलं नाही? नाही. मग मी म्हणाले की काळजी करू नका. परत येताना बोटीत गर्दी होती. खिडकीच्या काचेत बाहेरचं राखाडी पाणी आणि आतले चेहरे एकमेकांत मिसळलेले दिसत होते. मी तिकडं पाहायचं टाळलं आणि टाळतेय हे माझ्या लक्षात आलं.

४

सहाव्या दिवशी फोन उचलल्यावर आधी त्यांनी दार लावून घेतलेलं ऐकू आलं.

"बेबाबाई?"

"तू कथाइन बोली ऱ्हायनी?"

"व्हेनिसहून. रोज कुठून बोलते?"

"काल सांजले तू गच्चीवर कपडा वाळू घाली ऱ्हायंती. मी तुले हाक मारी, तू हात हालावा."

त्या थट्टा करणाऱ्या बाई नाहीत. मी विचारलं, कोणते कपडे? त्यांनी सांगितलं. पोपटी साडी, पांढरा टॉवेल, आईचं जुनं लुगडं. आईचं लुगडं कपाटाच्या वरच्या कप्प्यात, डांबराच्या गोळ्या घालून ठेवलेलं होतं. ते बेबाबाईंनी गेल्या दीड वर्षात पाहिलेलं असणं शक्य नव्हतं.

"घरात कोणी चोर शिरलाय," मी म्हणाले.

"चोर कपडा धुस का?"

मग त्याच म्हणाल्या, आवाज खाली आणून, जणू मी ऐकू नये असं त्यांना वाटत होतं, "माले दिपासारखीच दिसनी."

मी चर्चच्या पायरीवर बसून राहिले. समोर चौकात एक बाई कबुतरांना हाकलत होती. मला आठवतं, त्या वेळी मला भीती वाटली नव्हती. मला राग आला होता. माझ्या घरात कोणीतरी आहे, आणि मी तिथं नाही.

मग मी भूषणला फोन केला. दीड वर्षातला पहिला.

५

तो वीज कंपनीत आहे, ऑफिसातच होता. मी नाव सांगितल्यावर त्यानं "हं," म्हटलं.

"मी इटलीत आहे," मी म्हणाले. "घरात कोणीतरी शिरलंय असं बेबाबाई म्हणतात. तुझ्याकडं किल्ली आहे. तू आला होतास का?"

"मी कशाला येऊ?"

"मग जाऊन बघशील?"

"उद्या शनिवार आहे," तो म्हणाला. "जातो. पुनमला पण घेऊन जातो." पुनम त्याची बायको.

त्यानं इटलीबद्दल काही विचारलं नाही. पण जातो म्हणाला. त्या दिवशी मी बावन्न पायऱ्या चढून आले तेव्हा मला हलकं वाटत होतं. आता एक माणूस जाऊन दार उघडून बघणार होता. वाचन पुन्हा घेतलं जाणार होतं.

शनिवारी बाराला मी त्याला फोन केला. उचलला नाही. साडेबाराला केला. एकला उचलला. मागून हसण्याचा आवाज येत होता, पुनमचा, आणि आणखी एका बाईचा. तव्यावर कलथा घासल्याचा आवाजही.

"भूषण, काय झालं? कोण आहे तिथं?"

फोनवर हात ठेवून तो कोणाशी तरी बोलला. हात नीट बसला नसावा, मला स्पष्ट ऐकू आलं.

"ताई, बघ, परत तोच नंबर. तुझाच आवाज काढलाय. हुबेहूब."

मग एक बाई काहीतरी म्हणाली. शब्द कळले नाहीत. आवाज कळला. आपला आवाज आपल्याला दुसऱ्याला वाटतो तसा वाटत नाही, हे मला ठाऊक आहे. कॉलेजच्या एका कार्यक्रमाच्या रेकॉर्डिंगमध्ये मी तो एकदा ऐकला होता आणि मला तो आवडला नव्हता, जरा घोगरा, शेवटी खाली पडणारा. तोच होता.

६

"कोण बोलतंय?" भूषणनं मला विचारलं. त्याचा सूर आता ऑफिसातला झाला होता.

"दिपा. तुझी बहीण."

"माझी बहीण माझ्यासमोर उभी आहे. ती इटलीला गेलीच नाही, मुंबईहून परत आली. विमानात बसायला जीव घाबरला म्हणाली. हे बघा, असल्या फोनबद्दल आम्हाला ऑफिसात सगळं शिकवलंय. आजकाल कोणाचाही आवाज काढता येतो. आता तुम्ही म्हणणार, अडचणीत आहे, मदत कर."

"मला काही नको. तू फक्त तिच्याकडं नीट बघ."

"बघतोय ना सकाळपासून."

"तिला काहीतरी विचार. फक्त मला ठाऊक असेल असं."

तो हसला. "तिला कशाला? तुम्हालाच विचारतो. आई गेली त्या दिवशी शेवटचं काय बोलली?"

इथं मला एक गोष्ट सांगायला हवी, जी मी कोणालाही सांगितली नव्हती. आईला धुळ्याला न्यायचं की नाही यावरून भूषणचं आणि माझं वाजलं होतं. आठ महिने तो फिरकला नव्हता. शेवटच्या दिवशी सकाळी आईनं विचारलं, भूषण आला का? मी म्हटलं, बोलावलंय, येतोय. मी बोलावलं नव्हतं. तिनं पुन्हा विचारलं, आणि दुपारी तिसऱ्यांदा विचारलं. म्हणाली, आला की त्याला रागावू नको, दमून येईल बिचारा. ती गेल्यावर दोन तासांनी मी त्याला फोन केला. तो आला तेव्हा त्यानं मला हेच विचारलं होतं, शेवटचं काय बोलली? आणि मी म्हणाले होते, काही नाही, झोपेतच गेली.

दीड वर्षात हे वाक्य मी इतक्या जणांना सांगितलं होतं, की आता ते विचार न करताच बाहेर पडायचं. त्या दिवशीही तसंच पडलं.

"काही नाही," मी म्हणाले. "झोपेतच गेली."

मला वाटलं, त्याला पटलं.

"माझ्या बहिणीनं आज सकाळी मला खरं सांगितलंय," भूषण म्हणाला. "सगळं. माझ्या पायाला हात लावून सांगितलं, मोठी असून. तुमच्या फोनमुळं मी इथं आलो, तेवढे उपकार झाले. आता परत करू नका."

७

मी पुन्हा फोन केले. त्यानं माझा नंबर ब्लॉक करून टाकला होता. बेबाबाईंनी उचलला.

"हाऊ फोन कोना शे?" त्यांनी विचारलं. "दिपा घरमा शे. आतेच माले वाटीभर भाजी दी गयी."

"बेबाबाई, मी दिपा. तुम्हीच नाही का म्हणालात, एकली तिथं काय करशील?"

त्या घुटमळल्या. मग कोणीतरी त्यांना घरात हाक मारली असावी. फोन कट झाला.

माझं जुनं सिमकार्ड पाकिटात होतं. ते घातलं. रेंज आलीच नाही, शोध चालू आहे एवढंच पडद्यावर येत राहिलं.

संध्याकाळ व्हायच्या आत मी शेवटचा प्रयत्न केला. पुनमचा नंबर माझ्याकडं होता. तिला मी व्हिडिओ फोन लावला. तिनं तो चुकून उचलला असावा, कारण ती पडद्यावर आलीच नाही. फोन स्वयंपाकघरातल्या ओट्यावर, कशाला तरी टेकून उभा होता. मला माझी खिडकी दिसली, पितळी डबे दिसले, भिंतीवर आईच्या हातचा तेलकट डाग दिसला. गॅसवर दूध होतं. खोलीत दिवा लागला होता आणि तो मी लावते त्यापेक्षा उजळ वाटला. बाहेरच्या खोलीत माणसं बोलत होती. त्या घरात इतका आवाज मी कधी ऐकला नव्हता.

ओट्याशी एक बाई पाठमोरी उभी होती. पोपटी साडी, केसांचा सैल अंबाडा. ती भाजलेल्या वांग्याची सालं काढत होती आणि गुणगुणत होती. मी गुणगुणत नाही.

फोनमधून माझा श्वास तिला ऐकू गेला असेल तर असेल. ती थांबली. मान जराशी वळवली, गाल आणि चष्म्याची काडी एवढंच दिसलं. पूर्ण वळली नाही. मग तिनं हात पदराला पुसला, मागं न बघताच लांब केला आणि तळवा अलगद पडद्यावर ठेवला. झोपलेल्या मुलाच्या डोळ्यांवर ठेवतात तसा. अंधार होण्याआधी मला अंगठा दिसला. त्यावर आम्लानं भाजल्याचा जुना, पांढरा, तिरका डाग होता. ब्याण्णव साली सल्फ्युरिकची बाटली फुटली तेव्हाचा.

मी माझ्या अंगठ्याकडं पाहिलं. डाग होता. तो तिथं होता म्हणून मला बरं वाटायला हवं होतं.

८

अजून सहा दिवस उरले होते. तिकीट बदलता आलं असतं. मी बदललं नाही.

स्वतःला मी वेगवेगळी कारणं दिली. जाऊन काय करणार, पोलिसांना काय सांगणार, माझ्या घरात मी राहतेय असं? मला आजार झाला असेल असंही वाटलं. एकटं राहून माणसाला आवाज ऐकू येतात हे मी वाचलं होतं. मग मी घरमालकिणीला, रोझान्नाला, माझा फोन दाखवला आणि केलेल्या फोनची यादी तिच्याकडून वाचून घेतली. तिनं बोटानं एकेक ओळ दाखवली. नंबर, वेळ, मिनिटं. सगळं होतं. तिनं मला खुर्चीवर बसवलं आणि गरम दूध दिलं. तिच्या मोबाइलवर भाषांतर करून तिनं एकच प्रश्न विचारला : घरी सगळे ठीक आहेत का?

"ठीक आहेत," मी म्हणाले. ते खरं होतं.

खरं कारण मला त्यानंतर चौथ्या दिवशी कळलं. धुकं इतकं होतं की पुलाच्या मधोमध उभं राहिलं तर दोन्ही टोकं दिसत नव्हती. मला वाटलं, मी आता परत गेले आणि ती तिथं नसली, तर भूषण माझ्याशी बोलेल. ती त्या शनिवारी सकाळी त्याला जे बोलली त्याबद्दल बोलेल. आणि मला ते पुढं चालवावं लागेल. जी मी मागितली नाही, ती माफी मला मिळालेली असेल. आणि ती तिथं असली तर? तर त्याला दोघींतून निवडावं लागेल. कोणाला निवडेल याबद्दल मला शंका नव्हती.

रोज बारा वाजता मी त्या पायरीवर जाऊन बसत होते. फोन हातात घेऊन, न लावता. पिकल्या मिशांचा माणूस मला पाहून अजूनही "इंडिया!" म्हणत होता आणि कप पुढं करत होता. निघायच्या दिवशी मी त्याला सांगायला गेले तर दुकान बंद होतं.

९

विमानतळावर यंत्रानं माझा चेहरा तपासला आणि हिरवा दिवा लावला. मुंबईत अधिकाऱ्यानं पासपोर्टवर शिक्का मारला, फोटोकडं आणि माझ्याकडं एकदा पाहून. गाडीत टीसीनं ओळखपत्र बघून मान हलवली. जिथं जिथं कागद होता तिथं मी होते.

जळगावला सकाळी नऊला उतरले. रिक्षा केली. पिंप्राळ्याच्या रेल्वे गेटवर पाच मिनिटं थांबावं लागलं, मालगाडी जात होती. मी मनात शब्द लावत होते. आधी भूषणला एकट्याला बाहेर बोलवायचं. पासपोर्ट दाखवायचा. किल्ली दाखवायची. आणि मग, तो काही बोलायच्या आत, मी स्वतः त्याला सांगायचं, आई तीनदा तुझं नाव घेत होती आणि मी तुला बोलावलं नाही. एवढं सांगता आलं की पुढचं पुढं. मला वाटलं, आता येईल सांगता.

गल्लीच्या तोंडाशी रिक्षा सोडली आणि बॅग ओढत निघाले. दारात भूषणची गाडी होती. आज रविवार. म्हणजे तो पुन्हा आला होता. दार उघडं, पडदा ओढलेला. उंबऱ्याबाहेर चपला होत्या, पाच-सहा जोड. माझ्या दारात इतक्या चपला आईच्या तेराव्यानंतर मी पाहिल्या नव्हत्या.

मी फाटकावर हात ठेवला आणि आतून भूषणचा आवाज आला.

"अजून एकदा सांग ना ताई, काय म्हणाली होती?"

"किती वेळा सांगू रे," माझा आवाज म्हणाला. घोगरा, शेवटी खाली पडणारा, पण त्यात हसू होतं. "म्हणाली, आला की त्याला रागावू नको. दमून येईल बिचारा."

भूषणनं नाक ओढल्याचा आवाज आला. लहानपणी रडून झाल्यावर तो असंच करायचा, आणि मग लगेच भूक लागली म्हणायचा.

"भूक लागली," तो म्हणाला. सगळे हसले.

मी फाटक ढकललं नाही. बेबाबाई त्यांच्या ओट्यावर मेथी निवडत बसल्या होत्या. त्यांनी चष्मा वर सरकवला आणि माझ्याकडं पाहिलं. आधी चेहऱ्याकडं, मग बॅगेकडं, मग पुन्हा चेहऱ्याकडं, सावकाश. दोन हातांवरून. मी वाट पाहिली.

"कोनाकडे जानं शे, बाई?" त्यांनी विचारलं. अगदी सौम्यपणे, दमून आलेल्या परक्या बाईला विचारतात तसं.

माझ्या तोंडात शब्द होते. रिक्षात लावलेले, क्रमानं. पहिला शब्द भूषणचं नाव होता.

"कोण आहे गं बाहेर?" आतून भूषणनं विचारलं.

पडदा हलला. कोणीतरी पडद्यामागे येऊन उभं राहिलं होतं. कापडाखाली पावलं दिसत होती, माझ्या घरातल्या निळ्या सपाता घातलेली.

"कोणी नाही रे," ती म्हणाली.

"कोणाकडं नाही," मी बेबाबाईंना म्हणाले. "पुढं जायचंय."

मी बॅग वळवली. काँक्रीटवर तिच्या चाकांचा फार आवाज होतो. गल्लीभर होत राहिला. मागे घरातलं बोलणं चालू होतं, पुनम काहीतरी विचारत होती, ताटं मांडताना वाजत होती, पण त्यात माझा आवाज नव्हता. ती ऐकत होती. मी कोपऱ्यापर्यंत पोचले, वळले, चाकं मातीत उतरून गप्प झाली. तेव्हा कुठं मागं, सावकाश, तिनं पुन्हा बोलायला सुरुवात केली.